बारशाला एकच आत्या

बारशाला आत्या म्हणून संचिताला उभं करायचं, ही कल्पना पहिल्यांदा कुणी काढली यावर पाष्ट्यांच्या घरात आजही एकमत नाही. गोदाबाई म्हणतात, विहीणबाईंनी काढली. विहीणबाई म्हणतात, मी तर नुसता उसासा टाकला. सहदेवकाका म्हणतात, मी तेव्हा बाथरूममध्ये होतो. एवढं खरं की त्या रविवारी सकाळी, मानपाडा रोडवरच्या पारिजात सोसायटीत, गोदाबाईंच्या हॉलमध्ये पोहे संपता संपता ती कल्पना सगळ्यांच्या मधोमध येऊन बसली, आणि तिच्याकडे बघून सगळ्यांना एकदम हलकं वाटलं.

"शकूला मी नावं ठेवत नाही हो," गोदाबाईंच्या मुलाच्या, राकेशच्या सासूबाई, सगुणाबाई म्हणाल्या. त्या खास या विषयासाठी बाळंतीण लेकीला घेऊन कल्याणहून आल्या होत्या. "गुणाची पोर आहे. पण आमची नात एवढीशी. तिला उचलायचं, पाळण्यात घालायचं, कानात नाव सांगायचं. ऐन वेळी काही झालं तर?"

"काय होणार आहे?" गोदाबाई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

"काकू, माझ्या साखरपुड्याला काय झालेलं?" संचिता म्हणाली. ही सहदेवकाकांची मुलगी, म्हणजे राकेशची चुलतबहीण. "नवरा बाजूला राहिला आणि तिने फोटोग्राफरला ओवाळलं."

"त्याचा कुर्ता चांगला होता," स्वयंपाकघरातून आवाज आला.

हॉलमधल्या सगळ्यांनी आवाज खाली आणले. शकूला बुद्धी कमी आहे म्हणजे कानही कमी असणार, असा या मंडळींचा जुना समज आहे.

शकू म्हणजे राकेशची थोरली बहीण. वय छत्तीस. शाळेत सातवीपर्यंत ढकलत ढकलत गेली, मग शाळेनेच हात टेकले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, सौम्य बौद्धिक अक्षमता. गोदाबाई लोकांना सांगतात, आमची शकू जरा साधी आहे. शकूला विचारलं तर ती म्हणते, मला हळू सांगा, मग जमतं. कुणी विचारत नाही, हा भाग वेगळा. एमआयडीसीतल्या एका मसाल्याच्या कारखान्यात ती पाकिटांना लेबलं चिकटवते, आणि तिचं लेबल कधी वाकडं लागत नाही.

आत्ता ती ओट्यापाशी चहात आलं किसत होती आणि मदतीबद्दल विचार करत होती. तिच्या आयुष्यात मदत करणाऱ्यांचा तोटा नव्हता. आई अजून तिच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून द्यायची. राकेश तिचा मोबाईल रोज तपासायचा. सहदेवकाका रस्ता ओलांडताना तिचं कोपर धरायचे, आणि काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलेलं असल्यामुळे रिक्षा अंगावर आली की शकूच त्यांना मागे ओढायची. त्याला मात्र कुणी मदत म्हणायचं नाही. मदत म्हणजे दुसऱ्याने आपला हात धरायचा आणि त्याला जायचं असेल तिकडे आपण जायचं, असं तिच्या लक्षात आलं होतं.

ती चहा घेऊन बाहेर आली. "पण आत्या मी आहे ना?" तिने विचारलं.

कुणी बशीकडे बघितलं, कुणी पंख्याकडे. शेवटी बाळाची आई बोलली. प्रियांका ठाण्यातल्या एका मोठ्या कंपनीत एचआरला होती आणि 'सर्वांना सामावून घेणे' या विषयावर तिने ऑफिसात तीन तास भाषण दिलं होतं. "ऑफ कोर्स ताई! तुम्हीच आत्या. म्हणून तर तुम्हाला आपण स्पेशल काम देतोय. तुम्ही घुगऱ्यांचं ताट धरायचं."

"ताट टेबलावर पण राहतं," शकू म्हणाली.

यावर सगळ्यांनी चहाची तारीफ केली.

शकू आत गेली आणि गॅसजवळ उभी राहून रडली. ती कुणाची बायको नव्हती, कुणाची आई नव्हती, कारखान्यात कुणाची सुपरवायझर होणार नव्हती. आत्या हे एक पद तिला कुठलीही परीक्षा न देता मिळालं होतं. बाळ झाल्याचा फोन आला तेव्हा ती कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटत "मी आत्या झाली, मी आत्या झाली" सांगत फिरली होती. आता संचिता कानात नाव सांगणार आणि ती चणे धरून उभी राहणार. तिला ते मुळीच नको होतं.

तो रविवार असा गेला. पुढच्या बुधवारपर्यंत मात्र सगळी हवा फिरली, कारण संचिताने एक चूक केली. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिने लिहिलं, 'माझ्याकडे बाळासाठी एकदम हटके नाव आहे. सरप्राईज!!' खाली पाळण्याचं चित्र.

ते वाचून चार ठिकाणी चार माणसं ताडकन उठून बसली.

त्याचं असं होतं की बाळाचं नाव अजून ठरलंच नव्हतं. प्रियांकाला 'नायशा' हवं होतं. गोदाबाईंना आपल्या सासूबाईंचं 'अनसूया' हवं होतं; जिवंतपणी सासूशी एक दिवस पटलं नाही, पण म्हातारी गेल्यापासून त्यांना तिचा उमाळा यायचा. सहदेवकाकांना गुरुजींनी 'फा' अक्षर काढून दिलं होतं, तेव्हापासून ते 'फाल्गुनी'वर अडून बसले होते. पोर ज्येष्ठात जन्मलेली. राकेशला कुठलंच नाव हवं नव्हतं. त्याला घरात शांतता हवी होती, आणि ती तर बाजारात कुठल्याच नावाने मिळत नाही.

त्यात पाष्ट्यांच्या घराण्याचा एक पक्का नियम. आत्याने पाळण्यापाशी बाळाच्या कानात जे सांगितलं, तेच नाव. मग ठरलेलं काहीही असो. खुद्द सहदेवकाकांचं नाव वासुदेव ठरलं होतं. त्यांची आत्या ऐन वेळी विसरली आणि सहदेव म्हणून मोकळी झाली. ती आत्या चांगली मॅट्रिक होती, आणि पुढच्या बारशाला तिच्या हातात ताट द्यावं असं कुणाला सुचलं नाही.

आता संचिता आत्या झाली तर ती कुणाचं ऐकणार? ती कुणाचंच ऐकत नाही, हे तिच्या नवऱ्याला विचारा. आणि शकू? शकू सगळ्यांचं ऐकते. शकूला सांगितलं की ती हो म्हणते. एवढा साधा विचार चौघांनाही सुचला, आणि प्रत्येकाला वाटलं की हा आपल्या एकट्यालाच सुचला.

पहिले सहदेवकाका आले. शकूला कारखान्याच्या गेटवर गाठून त्यांनी कोपर धरलं आणि वडापावच्या गाडीवर नेलं. "शकू, संचिता माझी पोरगी असली म्हणून काय झालं? आत्याचा मान तुझा. मी भांडेन तुझ्यासाठी. तू फक्त कानात बोलायचंस, फाल्गुनी. बोल बघू."

"फाल्गुनी," शकू वडापाव खात म्हणाली.

"शाब्बास! कुणाला सांगायचं नाही."

घरी गेली तर गोदाबाईंनी तिच्यासाठी सोलकढी करून ठेवलेली. "शके, माझी लेक असताना दुसरी कोण आत्या होते ते बघते मी. फक्त आजीचं नाव लक्षात ठेव. अनसूया. अ न सू या."

"हो," शकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रियांकाचा व्हिडिओ कॉल आला. माहेरी, कल्याणला, दार लावून ती हळू बोलत होती. "ताई, मी तुमच्या बाजूने आहे. हा तुमचा हक्क आहे, आणि मी तुमच्यासाठी स्टँड घेणार." मग तिने इकडे तिकडे बघितलं. "नायशा. म्हणा ना एकदा. ना-य-शा." फोन ठेवल्यावर तिला थोडं कसंतरी वाटलं. आपल्या भाषणातल्या कुठल्या मुद्द्यात हे बसतं, ते तिला आठवेना. पण नायशा नाव खूपच गोड होतं, त्यामुळे ते कसंतरी वाटणं लवकर गेलं.

राकेश सगळ्यांत शेवटी आला, हातात दुधीभोपळा घेऊन.

"हे काय?" शकूने विचारलं.

"बाळ. प्रॅक्टिस करूया. मान अशी धर. हां. आता पाळण्यात ठेव." पाळणा म्हणजे कपडे भिजवायचा प्लास्टिकचा टब होता. शकूने दुधी फार प्रेमाने धरला, त्याचं देठ खांद्यावर नीट टेकवलं, अलगद ठेवला. "मस्त! आता ताई, एक काम कर. कानात नुसतं पुटपुट. हुं हुं हुं असं. कुणाला काही कळलं नाही पाहिजे. मग मी एकेकाला नंतर गाठून सांगीन, तुमचंच नाव घेतलं म्हणून."

"पण बाळाला काय कळणार?"

"बाळाला काय करायचंय?" राकेश म्हणाला आणि घाईघाईने निघून गेला. संध्याकाळी गोदाबाईंनी त्या दुधीची भाजी केली. शकू जेवली नाही. भाचीची भाजी तिला खाववेना.

ग्रुपवर आता निराळंच वारं सुटलं होतं. सहदेवकाकांनी लिहिलं, 'मान ज्याचा त्यालाच मिळाला पाहिजे. वुई सपोर्ट शकू.' गोदाबाईंनी टाळ्यांचे हात पाठवले. प्रियांकाने एक लांबलचक इंग्रजी परिच्छेद टाकला, तो कुणी वाचला नाही पण सगळ्यांनी अंगठा दिला. बिचाऱ्या संचिताला कळेना की एका आठवड्यात असं काय घडलं. 'पप्पा, मी साडी घेतली ना!' तिने सगळ्यांसमोर लिहिलं. पप्पांनी उत्तरात कमळाचं फूल टाकलं. तिच्या बाजूला आता एकट्या सगुणाबाई उरल्या होत्या, आणि त्या काही फुलाला बधणाऱ्या नव्हत्या.

शकूने ग्रुप वाचला. वाचायला तिला वेळ लागतो, पण एकदा वाचलं की ती विसरत नाही. सगळे आपल्या बाजूने झाले म्हणून तिला आधी खूप आनंद झाला, आणि मग तिने हो म्हटलेली नावं बोटांवर मोजली.

"सगळ्यांना हो बोललीस?" गुरुदत्तने विचारलं.

गुरुदत्त तिच्याच लाइनवर पाकिटं मोजून खोक्यात भरायचा. चाळिशीचा, ठाकुर्लीला मोठ्या बहिणीकडे राहणारा, शकूसारखाच जरा हळू सांगावं लागणारा, आणि पोटाने सुटलेला. पाळी सुटल्यावर दोघं बाजारातल्या बसस्टॉपवर बसले होते.

"मग काय करणार? हो बोललं की ते खूश होतात."

"माझी ताई पण मदत करते," गुरुदत्त म्हणाला. "पण ती आधी विचारते, करू का? मी नको बोललो की गप बसते. मग माझं चुकतं. मग ती हसते. मग करते."

"तुला राग नाय येत?"

"हसते त्याचा येतो. पण मी पण हसतो तिला. ती नेटवरून कुर्ता मागवते आणि तो तिला होत नाही." त्याने बसची वाट बघत पाय हलवले. "मला वाटतं, नावांनी हाका मारून बघायला पाहिजेत. चप्पल घालून बघतो ना दुकानात, तशी."

"म्हणजे?"

गुरुदत्त बसस्टॉपच्या बाकड्यावर चढला. त्याचा आवाज मोठा होता आणि लाज कमी. त्याने छाती भरून घेतली आणि बाजाराच्या दिशेने हाक मारली, "अनसूयाऽऽ!"

भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या दोन आज्या एकदम वळल्या. "काय रे मेल्या?" त्यातली एक म्हणाली.

"काय नाय आजी. चालू द्या." तो शकूकडे वळला. "हे भरलेलं आहे. फाल्गुनीऽऽ!"

समोरच्या मेडिकलमधून एक जाडजूड बाई चष्मा वर करत बाहेर आल्या आणि चौफेर बघून परत आत गेल्या.

"हे पण भरलेलं. नायशाऽऽ!"

कुणी वळलं नाही. एवढ्यात वळणावरून एक पांढरं केसाळ कुत्रं पट्टा सोडवून जीव खाऊन पळत आलं आणि बाकड्यावर दोन पाय ठेवून गुरुदत्तकडे बघून शेपटी हलवू लागलं. मागून एक मुलगी धापा टाकत आली. "नायशा! नो! बॅड गर्ल!"

शकू हसता हसता बाकड्यावरून घसरली. हसू आवरल्यावर ती उठली, गुरुदत्तच्या शेजारी बाकड्यावर चढली आणि स्वतः ओरडली, "मंजिरीऽऽ!"

बाजार चालू राहिला. कांदे तोलणारा तोलत राहिला, आज्या घासाघीस करत राहिल्या, कुत्र्याने कान खाजवला.

"मंजिरीऽऽ!" तिने आणखी जोरात हाक मारली. कुणीच वळलं नाही.

"हे रिकामं आहे," गुरुदत्त म्हणाला. "कुठून आणलंस?"

"माझ्याकडेच होतं." शकू खाली बसली. "मला मुलगी झाली असती ना, तर ठेवणार होती. कुणाला बोलली नाय."

गुरुदत्त तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "मग हेच ठेव."

"कसं ठेवू? सगळ्यांनी सांगितलंय. मी हो बोललीय. नाय ठेवलं तर परत मला कायच देणार नाय कधी. ताट पण नाय."

हे खरं होतं, आणि गुरुदत्तलाही ते माहीत होतं. शहाण्या माणसाचं एकदा चुकलं की ते विसरलं जातं, यांचं चुकलेलं मात्र वीस वर्षं सांगितलं जातं. बस आली तरी दोघं तशीच बसून राहिली.

बारशाच्या दिवशी सोसायटीचा हॉल फुग्यांनी भरला होता. पाळण्याला झेंडूच्या माळा, बायकांच्या अंगावर ठेवणीतल्या साड्या. संचिताने घेतलेली साडी नेसलीच होती, आणि ती सगुणाबाईंच्या शेजारी तोंड फुगवून बसली होती. गुरुदत्त आपल्या ताईला घेऊन आला आणि आल्या आल्या घुगऱ्यांच्या टेबलाजवळ जागा धरून राहिला.

बाळाच्या आधी वरवंटा गुंडाळून पाळण्याच्या वरखाली फिरवायची रीत. वरवंटा राहिला गावी, संगमेश्वरला, म्हणून गोदाबाईंनी खलबत्त्यातला बत्ता दुपट्यात गुंडाळून त्याला टोपडं घातलं होतं. बायकांनी "गोविंद घ्या कुणी, गोपाळ घ्या" म्हणत तो फिरवला आणि शेवटी सहदेवकाकांच्या हातात देऊन टाकला.

मग शकूने बाळ घेतलं. अबोली रंगाच्या साडीत ती अगदी नीट उभी होती. मान धरली, देठ खांद्याला, म्हणजे डोकं खांद्याला टेकवलं, पाळण्यात ठेवलं, आणि वाकली.

पाळण्याच्या उजव्या बाजूने काका ओठ पुढे काढून आवाज न करता "फाऽ, फाऽ" करत होते. डाव्या बाजूने गोदाबाई "अ न सू" करत होत्या. समोरून प्रियांका नुसत्या ओठांनी "नाय" म्हणत होती, ते बघून सगुणाबाईंना वाटलं की लेकीला शकूने नाव ठेवणं पसंत नाही. मागून राकेश हुं हुं करत होता. सगळे एकाच वेळी तिला मदत करत होते.

शकू सरळ उभी राहिली.

"मी खोटं बोलली," ती मोठ्याने म्हणाली. "मी सगळ्यांना हो बोलली. काका बोलले फाल्गुनी, आई बोलली अनसूया, प्रियांका बोलली नायशा. राकेश बोलला, नुसतं हुं हुं कर. एकाच बाळाला एवढं कसं ठेवू? सॉरी. आणि प्रियांका, नायशा कुत्री आहे. चांगली आहे, पण कुत्री आहे."

क्षणभर नुसते फुगे हलत होते.

"आई!" राकेश ओरडला. "तू ताईला पढवलंस?"

"आणि तू काय केलंस रे? हुं हुं!"

"भावोजी, तुम्ही पण?" गोदाबाईंनी मोर्चा सहदेवकाकांकडे वळवला.

"मला गुरुजींनी अक्षर काढून दिलंय, वहिनी!"

"म्हणून माझी साडी फुकट घालवलीत, पप्पा?" संचिता उठली.

"अक्षराला काय अर्थ आहे की नाही?" काका हात उडवत म्हणाले. त्या हातात टोपडं घातलेला बत्ता होता. बोलण्याच्या भरात त्यांनी तो एकदा वर नेला, एकदा खाली आणला आणि शेवटी ठणकन टेबलावर आपटला.

"बाळ!!" सगुणाबाईंनी अशी किंकाळी फोडली की वॉचमन धावत आला. बाई मागच्या मागे कोसळल्या, त्या नेमक्या घुगऱ्यांच्या ताटावर. चणे सगळ्या हॉलभर. चण्यांवरून वॉचमन घसरला, वॉचमनवरून राकेश. गुरुदत्तने अंगावर आलेले चणे उचलून खाल्ले. काका टोपडं सोडून सगळ्यांना बत्ता दाखवत होते, आणि बत्ता बघून मागच्या रांगेतल्यांना वाटलं की आता मारामारी सुरू झाली.

या गदारोळात पाळण्यापाशी शकू एकटी उरली. बाळ जागं होतं. आवाजांनी त्याचे ओठ थरथरू लागले होते. शकूला वाटलं, हिची आणि आपली गत एकच आहे. सगळे हिच्यासाठी भांडतायत आणि हिच्याकडे कुणी बघत नाही. ती पाळण्यावर वाकली.

"घाबरू नको," ती कानाशी म्हणाली. "हे असेच आहेत. वाईट नाहीत. आता तुला पण खूप मदत करतील. मी पण करीन. पण मी आधी विचारीन, हां." मग तिने श्वास घेतला. "कुर्रर्रर्र. मंजिरी."

बाळाने डोळे मोठे केले आणि शकूचं बोट धरलं.

हे फक्त प्रियांकाने ऐकलं. ती बाळासाठी पाळण्याकडे धावली होती आणि शकूच्या मागे येऊन थबकली होती. सगळं ऐकलं, 'मी आधी विचारीन' हेसुद्धा. तिला स्वतःची अशी लाज वाटली की नायशाचं दुःख करायला वेळच मिळाला नाही. आपण या बाईच्या हक्काबद्दल केवढं बोललो, आणि तिला एकदासुद्धा विचारलं नाही. प्रियांका वळली आणि कंपनीच्या हॉलमध्ये माइक बंद पडल्यावर काढायची तो आवाज काढून ओरडली, "गप बसा सगळे! नाव ठेवून झालंय!"

सगळे होते तिथे थांबले. वॉचमन आडवाच.

"काय ठेवलं?" काकांनी बत्ता खाली केला.

"मंजिरी," शकू म्हणाली.

"हे कोणी सांगितलं तुला?" गोदाबाईंनी संशयाने सगळीकडे बघितलं.

"कुणीच नाय. माझं आहे. मला कुणी विचारलंच नाय ना, तुला कुठलं आवडतं म्हणून."

गोदाबाई खुर्चीवर टेकल्या. छत्तीस वर्षांत आपण या पोरीला काय काय विचारलं, ते त्या आठवू लागल्या. जेवलीस का, औषध घेतलंस का, कुठे होतीस. त्याच्या पुढे त्यांना काही आठवेना.

"मंजिरी," प्रियांकाने बाळाकडे बघून म्हणून बघितलं. "मंजिरी राकेश पाष्टे. छान आहे. बाळाची आई म्हणून सांगते, मला पसंत आहे."

"मला पण," राकेश चणे झटकत म्हणाला. यापूर्वी तो सगळ्या नावांना हेच म्हणाला होता, पण या वेळी त्याला ते खरंच वाटत होतं.

"फा नाही आलं," काका पुटपुटले. मग त्यांना आपल्या वासुदेवाची आठवण झाली असावी, कारण ते गप्प बसले.

शकू मात्र अजून तशीच होती, पाळण्यावर वाकलेली, पाठ वर करून. सगळ्यांना वाटलं, बाळाशी बोलतेय. थोड्या वेळाने तिने मान वळवून बघितलं.

"मारा ना," ती म्हणाली.

आत्याने कानात नाव सांगितलं की जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घालायचे, ही रीत कुणाला माहीत नव्हती असं नाही. पण शकूच्या पाठीत? तिला कुणी कधी मोठ्याने ओरडलंही नव्हतं, धपाटा तर दूरच. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने पुढे केलेला हात मागे घेतला.

"राहू दे गं," गोदाबाई म्हणाल्या. "लागेल तिला."

"लागू दे ना!" शकू तशीच वाकून ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आत्याला मारतात. आत्या मीच आहे. मग मला का नाय?"

मग चण्यांमधून वाट काढत, साडीला चिकटलेले दाणे झाडत सगुणाबाई पुढे आल्या. शकूच्या विरोधात पहिल्या दिवसापासून उघडपणे उभी राहिलेली हीच ती बाई. त्यांनी शकूकडे बघितलं, मग शांत पडलेल्या नातीकडे बघितलं. बांगड्या मागे सारल्या आणि असा धपाटा घातला की हॉलमधल्या फुग्यांनासुद्धा तो ऐकू गेला असेल.

"आई गं!" शकू किंचाळली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

मग बांध फुटला. प्रियांकाने मारला, संचिताने साडीच्या पैशांसकट मारला, गुरुदत्तच्या ताईने मारला, कल्याणच्या मावश्यांनी रांग लावून मारले. पुरुषांनी मारायची रीत नाही, तरी गुरुदत्तने एक मारून घेतला. शकू प्रत्येकाला हसत होती, ओरडत होती, आणि वाकलेली पाठ काढून घेत नव्हती.

सगळ्यांत शेवटी गोदाबाई आल्या. त्यांनी हात उचलला. तो हवेतच राहिला, मग हळूच खाली आला आणि लेकीच्या पाठीवरून नुसता फिरला.

"हे काय आई," शकू वळून न बघता म्हणाली. "नीट मार."

गोदाबाईंनी डोळे पुसले, पदर कमरेला खोचला, आणि मारला.